घर, मैदान आणि देहलीदीप

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी लौकिक व्यवहारातून जे न्याय उचलले, त्यांत देहलीदीपन्याय मोठा मनोहर आहे. उंबऱ्यावर ठेवलेला एकच दिवा घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही. त्यासाठी तेल दुप्पट घालावे लागत नाही. हल्ली शहरोशहरी एका नव्या तऱ्हेच्या योजना लोकांपुढे येऊ लागल्या आहेत, आणि त्यांचे समर्थक नकळत ह्याच न्यायाचा आधार घेत असतात. योजनेचे स्वरूप साधारणतः असे: एखाद्या मोकळ्या किंवा मोडकळीस आलेल्या जागेवर बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांस परवडतील अशी घरे बांधावयाची, आणि त्या व्यवहारात जी शिल्लक राहील तीतून त्याच वस्तीतील मुलामुलींच्या क्रीडाशिक्षणाचा खर्च चालवावयाचा. मैदानाची निगा, शिक्षकांचा पगार, खेळाचे साहित्य, सर्व काही त्या शिलकेतून. भाड्याच्या खोलीत पिचणारा गृहस्थही समाधान पावला, आणि जिन्याखाली चेंडू आपटीत बसणारा त्याचा मुलगाही मार्गी लागला. एका खर्चात दोन पुण्ये पदरी पडत असता त्यात वावगे ते काय, असा प्रश्न सहजच कोणी विचारील.

वरवर पाहता वावगे काहीच नाही. दिव्याला तेल दुप्पट लागत नाही हेही खरे. परंतु तेल लागतेच, आणि ते कोणाच्या तरी घरून येते. ते कोणाच्या घरून यावे, हा नीतीचा प्रश्न आहे, आणि प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहो.

योजनेच्या बाजूने जे बोलता येण्यासारखे आहे ते आधी सगळे बोलून टाकू. पहिली गोष्ट ही की, घर आणि मैदान ह्या परस्परांशी संबंध नसलेल्या वस्तू मुळीच नव्हेत. मुंबईच्या बीडीडी चाळींचे उदाहरण घ्या. १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे सरकारने ज्या २०७ चाळी उठविल्या, त्यांतील खोली १६० चौरस फुटांची होती. एवढ्या जागेत स्वयंपाक, झोप, आजारपण, पाहुणा आणि अभ्यास ही सर्व मावावयाची म्हणजे मुलाने बाहेर असणे भागच होते. चाळीपुढचे पटांगण ही त्या बिऱ्हाडाची न मोजलेली दुसरी खोली होती. गिरणगावात कबड्डी फोफावली, गल्लोगल्ली व्यायामशाळा निघाल्या, ह्याचे एक कारण तेथील लोकांची हौस हे खरे. पण दुसरे कारण खोलीची लांबीरुंदी हेही होय.

मध्यमवर्गाची गोष्टही फारशी निराळी नाही. १९२५ साली लोकांस खुले झालेले शिवाजी पार्क नसते, तर दादर-माहीमच्या कित्येक पिढ्यांचे बालपण आज आहे त्याहून निराळे झाले असते. वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेल्या सचिन तेंडुलकरास क्रिकेटच्या शिक्षणासाठी शाळा बदलून दादरच्या शारदाश्रमात जावे लागले, आणि सरावाला सोयीचे पडावे म्हणून शिवाजी पार्काजवळ नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा लागला. त्याला तेथे आप्त होते, त्याची सोय झाली. ज्यांना नव्हते त्यांचे काय झाले हे आपणांस कधीच कळणार नाही. कारण जे खेळाडू झालेच नाहीत त्यांची नोंद कोणत्याही वहीत होत नसते.

समर्थकांचे दुसरे म्हणणे सार्वजनिक तिजोरीविषयीचे आहे, आणि तेही वजनदार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे स्पष्ट लिहिले आहे. कायदा लिहिला गेला, पण क्रीडांगणे काही कायद्याच्या कागदातून उगवत नाहीत. अंदाजपत्रकाला कात्री लावण्याची वेळ आली की ती प्रथम खेळावर पडते, हा अनुभव शाळांच्या चालकांपासून नगरपालिकांपर्यंत सर्वांचा आहे. रुग्णालयाची खाट कमी केली तर ओरड होते; कुस्तीची माती दोन वर्षे बदलली नाही तर कोणी पत्रही लिहीत नाही. तेव्हा दरसालच्या दयेवर अवलंबून नसलेले, स्वतःच्या पायावर उभे असे काही उत्पन्न खेळाला लावून द्यावे, ही कल्पना शहाणपणाची आहे असे आम्हांसही वाटते.

शिवाय ही कल्पना नवीनही नाही. १९२० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला, तेव्हा त्याच्या खर्चाला हातभार म्हणून शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. कापसावर गिरण्या चालतात, गिरण्यांनी मजूर आणले, मजुरांस घरे हवीत. तेव्हा घरांचा भार काही अंशी कापसाने उचलावा, हा विचार न्यायाला सोडून नव्हता. संकल्पाचा जेमतेम तिसरा हिस्सा तडीस गेला हा भाग निराळा. पैसा जेथून घ्यावयाचा आणि जेथे द्यावयाचा, त्या दोहोंमध्ये कार्यकारणाचा धागा होता, एवढेच येथे लक्षात ठेवावे.

ह्याहून बोधप्रद उदाहरण इंग्लंडातील लेचवर्थचे आहे. एबेनेझर हॉवर्ड हा पार्लमेंटातील भाषणे लघुलिपीत टिपून घेणारा एक साधा गृहस्थ. त्याने १८९८ साली एक पुस्तक लिहून असे प्रतिपादिले की, शहर वाढते तशी जमिनीची किंमत वाढते. ही वाढ जमीनमालकाच्या श्रमाने होत नाही, तेथे राहावयास येणाऱ्या सर्वांच्या येण्याने होते. म्हणून ती सर्वांच्याच उपयोगी पडली पाहिजे. हे केवळ लिहून तो थांबला नाही. १९०३ साली त्याने व त्याच्या मित्रांनी लंडनच्या उत्तरेस सुमारे पस्तीस मैलांवर ३,८१८ एकर शेतजमीन घेतली व नवे गाव वसविण्यास आरंभ केला. भागधारकांस पाच टक्क्यांहून अधिक नफा द्यावयाचा नाही, उरेल तो गावाच्या हितासाठी, असा नियम प्रथमपासूनच घातला. १९०५ साली तेथे स्वस्त घरांचे एक प्रदर्शन भरले, आणि दीडशे पौंडांत चांगले घर बांधून दाखविण्याची अट घालण्यात आली. ती पाहावयास हजारो लोक लोटले. पुढे १९६० च्या सुमारास बाहेरच्या एका कंपनीने ती सर्व मालमत्ता गिळण्याचा घाट घातला, तेव्हा गावकऱ्यांच्या वतीने पार्लमेंटाने १९६२ साली कायदा करून ती एका सार्वजनिक मंडळाच्या हाती दिली. आणि १९९५ पासून एक धर्मादाय प्रतिष्ठान ती सांभाळीत आहे. गावातील दुकाने, कारखाने, शेती ह्यांच्या भाड्याचे उत्पन्न आजही शिक्षण, आरोग्य, खेळ व विरंगुळा ह्यांवर त्याच गावात खर्च होते. सव्वाशे वर्षे होत आली तरी उंबऱ्यावरचा हा दिवा विझलेला नाही.

इतके असता कित्येक सज्जन अशा योजनांकडे संशयाने पाहतात. त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक कर्तव्य त्याच्या त्याच्या खर्चाने पार पाडले पाहिजे. घर हा माणसाचा हक्क आहे, क्रीडाशिक्षण हे समाजाचे मुलांप्रती कर्तव्य आहे. एकाला दुसऱ्याच्या शेपटीला बांधले की दोघांचीही प्रतिष्ठा जाते. ह्या आक्षेपात स्वाभिमानाचे तेज आहे, पण तो जसाच्या तसा मान्य करता येत नाही. एकाच्या पैशातून दुसऱ्याची गरज भागविणे हे जर पाप असेल, तर राज्यसंस्था म्हणून जी काही आहे ती आरंभापासूनच पापी ठरेल. मिठावरील कर मिठावर खर्च होत नसे. करवसुलीचा अर्थच असा की घेणे एकीकडून, देणे दुसरीकडे. तेव्हा दोन गोष्टी एकत्र बांधल्या एवढ्यावरून योजना दूषित होत नाही.

मग ती दूषित कशाने होते? येथे एक उदाहरण आम्हांस फार उद्बोधक वाटते. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तेथवर पाठविण्यास पैसा नव्हता. गावोगाव वर्गणी फिरली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. घराच्या बळावर खेळाला पैसा मिळाला, असेच येथेही म्हणता येईल. मग ह्या हकीकतीने आपले मन भरून का येते, आणि एखाद्या योजनेच्या रंगीत पत्रकात हेच शब्द वाचले असता मन का साशंक होते? कारण उघड आहे. प्राचार्यांनी दिले ते स्वतःचे होते, आणि गेले असते तरी त्यांचेच गेले असते. योजना जेव्हा देते, तेव्हा ती कोणाचे देते हे पाहावे लागते. दानाची थोरवी देणगीच्या आकड्यात नसून ती ज्याच्या पदरची आहे त्याच्यात असते. दुसऱ्याच्या खिशातून काढून दिलेल्या रुपयाला दान म्हणणे हा शब्दांचा गैरवापर होय.

तेव्हा आता तेल कोणाच्या घरून येते ते पाहू. अशा योजनेत पैसा येण्याचे मार्ग तीनच संभवतात. पहिला मार्ग म्हणजे स्वस्त घर घेणाराच तो देतो. समजा, एक घर बांधावयास सर्व खर्चासह तीस लाख रुपये पडले व ते बत्तीस लाखांस विकले. वरचे दोन लाख क्रीडानिधीला गेले. पत्रकात हे वाचावयास छान वाटते. पण ते दोन लाख दिले कोणी? ज्याला तीस लाखही जड होते त्यानेच, आणि तेही बहुधा वीस वर्षांच्या कर्जाने, व्याजासकट. शहरातील सर्व मुलांच्या व्यायामाचा कर ह्या एका गरजू माणसावर का? पलीकडच्या रस्त्यावर ज्याची तीन घरे आहेत त्याला ह्यातला छदामही लागू नये, हा कोणता न्याय? जकात चुकविण्यासाठी रात्रभर आडवाटेने भटकणारा व्यापारी पहाटे नेमका जकातनाक्यापाशीच येऊन पोहोचला, अशी गोष्ट आमच्या घटकुटीप्रभातन्यायात आहे. येथे मात्र थोडा फरक आहे. कर टाळला श्रीमंत शहराने, आणि उजाडताना नाक्यावर उभा सापडला तो गरीब गृहस्थ.

दुसरा मार्ग असा की त्याच जागेवर काही महाग घरे बांधावयाची, आणि त्यांच्या नफ्यातून स्वस्त घरांस व खेळास मदत करावयाची. मुंबईत १९९५ पासून चाललेली झोपडपट्टी पुनर्वसनाची पद्धत ह्याच पायावर उभी आहे, आणि बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातही हेच तत्त्व आहे: १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर रहिवाशास विनामूल्य मिळावयाचे, आणि त्याचा खर्च त्याच आवारात विक्रीसाठी उठणाऱ्या मनोऱ्यांतून निघावयाचा. ज्या कुटुंबाने तीन पिढ्या एका खोलीत काढल्या त्याला हे घर मिळाले, ह्याचा आनंद आम्हांस मनापासून वाटतो, आणि तो कोणीही हिरावून घेऊ नये. तथापि ह्या मार्गाला एक अंगभूत मर्यादा आहे. नफा वाढवावयाचा तर मजले वाढले पाहिजेत. मजले वाढले की माणसे वाढतात, माणसांबरोबर मुले वाढतात, मोटारी वाढतात, आणि ज्या मैदानासाठी हे सारे करावयाचे त्यावर सावली लांबते. मैदानाची किंमत मैदानाच्याच तुकड्यांनी चुकती करावयाची, असा हा प्रकार आहे. गाईच्या चाऱ्यासाठी तिचेच दूध विकणे समजू शकते. पण तिचा गोठाच विकावा काय?

तिसरा मार्ग हॉवर्डने दाखविला तो. रस्ता झाला, रेल्वे आली, मेट्रोचे स्थानक उघडले, शाळा नावारूपाला आली की आसपासच्या जमिनीचा भाव चढतो. मालकाने त्यासाठी घाम गाळलेला नसतो. त्याने फक्त वाट पाहिलेली असते. जॉन स्टुअर्ट मिलपासून हेन्री जॉर्जपर्यंत अनेक विचारवंतांनी ह्या अनर्जित वाढीवर समाजाचा हक्क सांगितला आहे. आपल्याकडे तर ही वाढ पुष्कळदा सरकारी कागदावरच्या एका आकड्याने होते: चटई क्षेत्र निर्देशांक दोनाचा तीन केला, की तीच जमीन एका दिवसात दीडपट मोलाची होते. हा आकडा ज्या सत्तेने बदलला ती सत्ता लोकांची. म्हणून त्यातून निपजलेले मोलही मुख्यतः लोकांचे. ह्या मोलातून घरे स्वस्त झाली आणि मुलांना मैदान मिळाले, तर कोणी कोणावर उपकार केले असे होत नाही. ज्याचे होते त्याला ते परत मिळाले, एवढेच. म्हणून आमचा सिद्धान्त असा की, घरांच्या योजनेतून क्रीडाशिक्षण चालविणे न्याय्य आहे. मात्र ते घर घेणाराच्या गरजेतून न चालता जमिनीच्या अनर्जित मोलातून चालले पाहिजे. गरजेवर बसविलेला कर कितीही चांगल्या कामी लावला तरी तो करच राहतो, आणि तोही सर्वांत दुबळ्या खांद्यावरचा.

सिद्धान्त सांगणे सोपे. तो टिकविणे किती कठीण असते हे मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींनी दाखवून दिले आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी होण्याचा योग आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने अशी वाटणी सांगितली होती की, स्थूलमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला स्वस्त घरांसाठी, आणि उरलेली मालकाला. घर, मैदान आणि मालकाचा लाभ ह्या तिघांना एका पंक्तीला बसविणारा इतका सरळ नियम आपल्या देशात क्वचितच झाला असेल. पण २००१ साली त्यात दुरुस्ती झाली, आणि वाटणी सगळ्या जमिनीची न होता केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची व्हावी असे ठरले. गिरणीची इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती ह्या हिशेबातून सुटली. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निर्णय दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. दोन तृतीयांशांचे जे वचन होते त्याचा लहानसा अंश लोकांच्या हाती आला. ह्यात कोणी चोरी केली असे आम्ही म्हणत नाही. सर्व काही नियमाप्रमाणे झाले. नेमके तेच ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या वाटणीत एका पक्षाला वकील, हिशेबनीस व सवड असते, आणि दुसऱ्या पक्षातील बरेचसे हक्कदार अजून दुसरीत शिकत असतात, ती वाटणी नियमानेच लहान होत जाते.

ह्यानंतरचेही दोन निर्णय लक्षात घ्यावे. नियमाने सोडावयाची किमान मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे, मोटारतळाच्या छपरावर दाखविलेली चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये ठरविले. मैदान जमिनीवर असावे हे सांगण्यास देशाच्या सर्वोच्च न्यायासनाची गरज पडावी, हे आपल्या काळाचे एक लक्षणच म्हणावे लागेल. दुसरा निर्णय जून २०२५ मधला. मोकळ्या जागेसाठी राखून ठेवलेल्या पण झोपड्यांनी व्यापलेल्या भूखंडांवर ३५ टक्के जागा मोकळी ठेवून बाकीच्या भागात पुनर्वसनाची घरे बांधण्यास मुभा देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने वैध ठरविला. ह्या निर्णयाला निर्दय म्हणणे चुकीचे होईल. त्या झोपड्यांत माणसे राहतात, आणि माणसाला हाकलून मिळविलेल्या मैदानावर खेळणे कोणत्याही सुसंस्कृत मुलाला शोभणार नाही. पण आराखड्यात शंभर टक्के लिहिलेले मैदान पस्तीस टक्क्यांवर आले, हेही तितकेच खरे. घर आणि मैदान ह्यांची जुंपली की मैदान हरते. आणि पुष्कळदा त्याने हरणेच योग्य ठरते. म्हणूनच त्यांची जुंपणार नाही अशी तजवीज आधी केली पाहिजे.

आणखी एक धोका आहे, आणि तो पैशाच्या हानीपेक्षा सूक्ष्म आहे. समजा, एखाद्या उपनगरातील व्यायाममंडळाचा सर्व खर्च शेजारच्या गृहयोजनेच्या विक्रीवर अवलंबून आहे. आता घरांचे भाव चढले तर मंडळाला आनंद होणार, उतरले तर चिंता वाटणार. पुढचा मनोरा उठावयाचा असेल आणि रहिवासी हरकत घेत असतील, तर मंडळाच्या चालकांनी कोणत्या बाजूला बसावे? काल ज्यांनी मुलांसाठी मैदान मागितले, तेच आज बांधकामाच्या समर्थनार्थ सभेत उभे राहतील. आणि त्यांना दोष देणेही कठीण, कारण कुस्तीशिक्षकाचा पुढच्या महिन्याचा पगार त्या मनोऱ्यावर अवलंबून आहे. ज्यांनी स्वस्त घरांची बाजू घ्यावी त्यांचाच स्वार्थ महाग घरांत गुंतावा, ही स्थिती माणसांच्या दुष्टपणामुळे न येता योजनेच्या रचनेमुळे येते. सद्हेतूला पगारी करून ठेवणे हा त्याला मारण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे.

येथे अधीर वाचक म्हणेल, आणि त्याच्या अधीरपणाबद्दल आम्हांस आदर आहे, की हा सर्व तत्त्वविचार ठीक. पण दहा वर्षांची मुलगी तुमच्या सिद्धान्ताची वाट पाहत थांबू शकत नाही. धावण्याची, उडी मारण्याची, हरून पुन्हा उभे राहण्याची सवय ज्या वयात लागते ते वय पाचसहा वर्षांत निघून जाते, आणि मागून दिलेले मैदान तिच्या काही कामाचे नसते. शुद्ध न्याय उद्या मिळण्यापेक्षा मिश्र न्याय आज मिळालेला काय वाईट? ह्या प्रश्नापुढे आम्ही थोडे थबकतो. त्याला दिलेले कोणतेही उत्तर पूर्ण समाधानाचे नाही. पण मिश्रणाचेही प्रमाण असते. औषधात मध मिसळला तर तो अनुपान होतो, मधातच औषध विरून गेले तर रोगी तसाच राहतो. आज पैसा मिळतो म्हणून योजना स्वीकारावी. परंतु उद्या तो बंद पडू नये, आणि आजही तो चुकीच्या माणसाच्या खिशातून येऊ नये, एवढ्या अटी घालण्यास फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्या अटी कागदावर उतरविण्याची इच्छा होण्यास.

त्या अटी आम्हांस अशा सुचतात. घराचा व खेळाचा हिशेब निरनिराळा असावा, आणि स्वस्त घराच्या किमतीत क्रीडानिधीचा एक पैसाही मिसळू नये. मैदानाची जमीन सार्वजनिक विश्वस्तांच्या नावे पहिली वीट बसण्यापूर्वी व्हावी; शेवटची वीट बसल्यावर पाहू म्हटले की ती कधी होत नाही. क्रीडाशिक्षणाला मिळावयाचे ते एकरकमी देणगीच्या रूपाने न मिळता दुकानांच्या भाड्यासारख्या दरसालच्या उत्पन्नातून मिळावे. कारण एकरकमी पैशातून उद्घाटन होते, शिक्षण होत नाही. आणि ते मैदान योजनेतील रहिवाशांच्या मुलांपुरते न राहता वस्तीतील सर्व मुलामुलींस फी न घेता मोकळे असावे. नाहीतर सर्वांच्या मोलातून काहींचा जिमखाना उभा राहावयाचा. कोल्हापुरात १९१२ साली शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधविले तेव्हा त्याच्या चहूकडे हजारो माणसे बसतील अशी सोय केली. तेथे कोणी कोणत्या गल्लीतून आला हे विचारले जात नव्हते.

शेवटी एक गोष्ट आमच्या वाचकवर्गाला स्पष्ट सांगितली पाहिजे. जमिनीच्या अनर्जित मोलाची गोष्ट निघाली की आपल्या डोळ्यांपुढे गिरणीमालक किंवा मोठा बांधकाम व्यावसायिक उभा राहतो. पण त्या मोलाचे लहान लहान भागीदार आपण मध्यमवर्गीयही आहोत. ज्या सदनिका आपल्या वडिलांनी काही हजारांत घेतल्या, त्यांची किंमत आज कोटीत सांगताना आपला आवाज किंचित चढतो. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी निघाली की वाढीव जागा किती, मोटारीला जागा किती, तोपर्यंतचे भाडे किती, हे सर्व आपण बारकाईने विचारतो. आवारातील ज्या मोकळ्या तुकड्यावर मुले खेळत होती त्याचे पुढे काय होणार, हे विचारणारा सभासद सभेत क्वचितच आढळतो. आणि त्याच भिंतीवर ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटीही आपणच लावलेली असते. बाहेरच्या योजनेला कठोर प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस आहेच. पण तोच प्रश्न स्वतःच्या सोसायटीच्या सभेत विचारला, तर त्या अधिकाराला वजन येईल. आपल्या वाढलेल्या मोलातला थोडा वाटा शेजारच्या वस्तीतील मुलांच्या मैदानासाठी देण्याची जर आपली तयारी नसेल, तर तो वाटा शेवटी त्याच वस्तीतील नव्या घराच्या हप्त्यातून वसूल होणार. आणि पत्रकावर त्याला आपण लोककल्याण म्हणणार.